जुन्या पिकअपचा ट्रिप डिस्प्ले सेल्फ मारला की शून्यावर का येतो?

तक्रार एकच असते, गाव तेवढे बदलते. सावद्याहून केळी भरून पिकअप निघते, डॅशबोर्डवर हौसेने बसवलेला ट्रिप डिस्प्ले असतो, मुक्ताईनगरला चहासाठी गाडी बंद होते आणि पुन्हा सेल्फ मारला की किलोमीटर शून्य, अ‍ॅव्हरेज शून्य, कधी घड्याळसुद्धा बारावर. ‘मीटर येडं व्हयी गयं’ म्हणत मालक डिस्प्ले बदलून आणतो. दुसराही तेच करतो. तिसरा आणण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. या तक्रारीत डिस्प्ले क्वचितच दोषी निघतो. दोष असतो त्याला जाणाऱ्या तीन तारांत: डायरेक्ट (बॅटरीवरून कायम चालू), इग्निशन (चावीवर चालू) आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतणारी).

इथे मुख्यतः मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल पिकअपचा विचार केला आहे, म्हणजे जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ डीआय आणि त्यांच्या पिढीतल्या गाड्या. यांना ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, नाही. त्यामुळे डिस्प्लेला आयती माहिती देणारे कोणी नाही. वेगाचा पल्स, म्हणजे चाकांबरोबर येणारा विजेचा ठोका, एका सेन्सरकडून आणि डिझेलचा अंदाज टाकीच्या फ्लोटकडून, म्हणजे टाकीत तरंगून पातळी सांगणाऱ्या सेन्सरकडून, घ्यावा लागतो. कॉमन रेलच्या, म्हणजे ईसीयूवर चालणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांबद्दल पुढे थोडे आहे.

आधी कोणत्या क्षणी शून्य होते ते पाहा

चावी ऑन करा, ट्रिपमध्ये काही आकडा आहे याची खात्री करा. चावी बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबा. पुन्हा ऑन करा, पण सेल्फ मारू नका.

एवढ्यानेच आकडा गेला असेल तर डिस्प्लेला डायरेक्ट लाइन पोहोचतच नाही. बहुतेक डिस्प्लेंना गाण्याच्या टेपसारख्याच तारा असतात: पिवळी कायम चालू, लाल चावीवर, काळी अर्थ. बसवणारा घाईत पिवळी आणि लाल एकत्र पिळून दोन्ही चावीच्या लाइनवर टाकतो. डिस्प्ले पेटतो, गिऱ्हाईक खूश, आणि चावी काढली की सगळी आठवण पुसली जाते. पिवळी वेगळी काढा आणि घड्याळाच्या किंवा हॅझार्डच्या फ्यूजवरून, नाहीतर सरळ बॅटरीच्या प्लसवरून २ अँपिअरचा फ्यूज टाकून द्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. तो डिस्प्लेपाशी टाकला तर मधली सगळी तार उघड्यावर राहते आणि पत्र्याच्या कडेवर घासून तिची साल गेली की केबिनमध्ये धूर होतो.

चावी बंद-चालू करून आकडा टिकतो, पण सेल्फ मारताच जातो, असे असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे लाल तार अ‍ॅक्सेसरी लाइनवर आहे. टेप आणि चार्जर जिथून चालतात ती लाइन बऱ्याच इग्निशन स्विचमध्ये सेल्फच्या वेळी मुद्दाम तुटते, सगळा करंट सेल्फला मिळावा म्हणून. ओळखायला सोपे आहे: टेस्ट लॅम्प त्या तारेला लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. बल्ब मंद होऊन पेटता राहिला तर लाइन बरोबर आहे. पूर्ण विझला तर ती अ‍ॅक्सेसरीची आहे. मीटर कन्सोलच्या फ्यूजवरून लाइन घ्या, कारण ऑइल आणि चार्जिंगचे दिवे सेल्फच्या वेळीही पेटलेले असतात. हाताशी आहे म्हणून डिझेल पंपाच्या सोलेनॉइडची तार मात्र कापू नका. त्या कॉइलचा झटका डिस्प्लेला बसतो हे एक, आणि तुमचा जोड शॉर्ट होऊन फ्यूज उडाला तर भरल्या गाडीसकट कन्नड घाटात इंजिन बंद पडते हे दुसरे.

दुसरी शक्यता व्होल्टेज कोसळण्याची. तिच्याकडे पुढे सविस्तर येऊ.

आकडा दिवसभर टिकतो आणि फक्त सकाळी गेलेला असतो, तर बॅटरीला कट-ऑफ स्विच आहे का पाहा. रात्री तो फिरवला की डायरेक्ट लाइनही मरते. पिवळी तार स्विचच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला घ्यावी लागेल. शिवाय काही डिस्प्लेंमध्ये गाडी काही तास बंद राहिली की ट्रिप आपोआप नवी सुरू करण्याची सेटिंग असते. ती बंद करायची राहिली म्हणून अख्खे वायरिंग उलगडले जाते, तेव्हा आधी मेनूत जाऊन बघा.

आणि चालत्या गाडीत, खड्ड्यात आदळल्यावर आकडा जात असेल तर वरचे काही नाही. कुठेतरी पिळून टेप गुंडाळलेला जोड आहे. तो शोधा.

बाहेरच्या बॅटरीची परीक्षा

साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. सेल्फची मोटर जागची हलते त्या पहिल्या क्षणी व्होल्टेज सगळ्यात खाली जाते, आणि तोच क्षण मीटरला दिसत नाही. मीटर म्हणते १०.२, वायरमन म्हणतो सप्लाय ठीक आहे, आणि दोष डिस्प्लेवर येतो. मीटरला मिन-मॅक्सची सोय असेल तर ती वापरा, पण त्याहून खात्रीचा उपाय बाहेरच्या बॅटरीचा आहे.

१२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी सीलबंद बॅटरी घ्या. डिस्प्लेच्या गाडीकडे जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवा, सेन्सरच्यासुद्धा. पिवळी आणि लाल छोट्या बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. गाडीशी एकही संबंध ठेवू नका. आता चार-पाच वेळा सेल्फ मारा. डिस्प्ले डगमगला नाही तर तो निर्दोष आहे. त्यानंतर गाडीच्या तारा एकेक करून परत जोडत जा: आधी गाडीचा अर्थ, मग स्पीडची तार, मग फ्लोटची तार, शेवटी छोट्या बॅटरीचा प्लस काढून गाडीचा प्लस. प्रत्येक टप्प्यावर सेल्फ मारा. जी तार जोडल्यावर आकडा उडतो तिथे दोष. अर्ध्या तासाचे काम आहे.

बाहेरच्या बॅटरीवरही आकडा जात असेल, तेव्हाच डिस्प्ले परत करा.

केबिन रबरावर बसलेली आहे

पिकअपची केबिन चेसिसवर रबरी बुशांवर बसते. इंजिनही रबरी माउंटिंगवर. म्हणजे डॅशबोर्डच्या पत्र्याला लावलेला अर्थ बॅटरीच्या मायनसपर्यंत पोहोचायला फक्त एक-दोन विणलेल्या पट्ट्या असतात: केबिन ते चेसिस आणि इंजिन ते चेसिस. पंधरा वर्षांच्या गाडीत त्या हिरव्या पडलेल्या असतात, अर्ध्या तुटलेल्या असतात, किंवा केबिनचे डेंटिंग-पेंटिंग करताना काढून परत लावलेल्याच नसतात. तरी दिवे पेटतात, हॉर्न वाजतो, कारण करंट स्पीडोमीटरच्या केबलमधून, क्लचच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल कोमट लागत असेल तर समजा की इंजिनाची पट्टी गेली आहे आणि सेल्फचा करंट केबलमधून परत येतो आहे. अडीच लिटर डिझेल इंजिनाचा सेल्फ दोन-तीनशे अँपिअर सहज ओढतो.

मोजणी अशी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर नको, कारण क्लॅम्प आणि खुंटीमधला पांढरा थरही दोषी असू शकतो. लाल प्रोब डिस्प्लेच्या काळ्या तारेच्या टोकाला. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर चालू. वाचन ०.१ व्होल्टच्या आसपास हवे. ०.२ च्या वर गेले तर अर्थ खराब आहे. मग तीच लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा, ०.५ व्होल्टच्या वर गेले तर आधी इंजिनाची पट्टी बदला, डिस्प्लेचे नंतर.

एक खूण मीटरशिवायही कळते. इंडिकेटर लावा आणि डिझेलच्या आकड्याकडे बघा. इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर आकडा वर-खाली नाचत असेल, किंवा हॉर्न दाबला की वेग दोन-चार किलोमीटरने उडी घेत असेल, तर डिस्प्लेने दुसऱ्या कोणाच्या तरी अर्थवर पाय ठेवला आहे.

दुरुस्ती कंटाळवाणी पण सोपी. दोन्ही जुन्या पट्ट्या काढा. चेसिसवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. निदान १६ चौरस मिमीची नवी तांब्याची पट्टी, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, बोल्टखाली दातेरी वॉशर. बोल्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. बॅटरीच्या खुंट्या गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. डिस्प्लेचा अर्थ टेपच्या किंवा ब्लोअरच्या अर्थला न जोडता १ चौरस मिमीची स्वतंत्र तार चेसिसवर, बॅटरीचा मायनस जिथे बोल्टला येतो त्याच बोल्टवर घ्या.

‘मग सरळ बॅटरीच्या मायनसलाच का नको?’ असे विचारले जाते. पट्ट्या शाबूत असतील तोवर चालते. पण पुढे कधी बॅटरीच्या मायनसपासून चेसिसला येणारी जाड तार तुटली तर सेल्फचा तो सगळा करंट तुमच्या बारीक काळ्या तारेतून परतायला बघतो आणि तार कोळसा होते. चेसिसचा बोल्ट बरा.

कपॅसिटरचा टोटका

अर्थ नीट केल्यावरही पहिल्या क्षणाची घसरण उरते. फुल चार्ज बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फच्या वेळी ९.५-१० च्या खाली बराच वेळ राहत असेल तर बॅटरी किंवा सेल्फच थकलेला आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक्सची मलमपट्टी कामाची नाही. बॅटरी चांगली असेल तर पहिला गोता क्षणभराचाच असतो.

त्यासाठी १००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावण्याचा रिवाज आहे. तो का पुरत नाही, हा हिशोब करून बघण्यासारखा आहे. डिस्प्ले १५० मिलिअँपिअर घेतो आणि ८ व्होल्टपर्यंत तग धरतो असे धरू. १२ वरून ८ वर यायला ४ व्होल्टचा वाव. ४७०० मायक्रोफॅराड लावला तरी ०.००४७ गुणिले ४ भागिले ०.१५, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. १००० वाला तर सेकंदाच्या चाळिसाव्या भागातच रिकामा होतो. वर हा कपॅसिटर नुसता लाइनला समांतर लावलेला असतो, त्यामुळे त्यातली साठवण डिस्प्लेला मिळण्याआधी सेल्फच गिळतो. त्याच्या आधी डायोड हवाच: १एन५८१९ चालतो, त्यात ०.३-०.४ व्होल्टच पडतात. नेहमीचा १एन४००७ लावला तर ०.७ व्होल्ट किंवा जास्तच जातात आणि वाव आणखी कमी होतो. डायोडची पट्टी डिस्प्लेच्या बाजूला. कपॅसिटर ३५ व्होल्टचा, १६ चा नको, अल्टरनेटरचे १४.४ त्याच्या फार जवळ आहेत.

सकाळच्या थंड इंजिनाला दोन-तीन सेकंद सेल्फ लागतो अशा गाडीला खरा उपाय म्हणजे बक-बूस्ट मॉड्यूल: ६ ते ३० व्होल्ट काहीही आत आले तरी बाहेर १२ स्थिर. १ अँपिअरचे पुरते. आउटपुट आधी मल्टिमीटरवर १२ ला लावून घ्या आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, धक्क्यांनी तो फिरतो. मॉड्यूलच्या आधी फ्यूज आणि १.५केई२७ए हा झटकारोधक डायोड लावा. जुन्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला की लाइनवर जे येते ते या डायोडला एकदा तरी झेलता येते.

किलोमीटर चुकतात

हे तुलनेने सरळ आहे. मूळ स्पीडोमीटरची केबल आणि किलोमीटरचे मीटर काढून टाकू नका. स्पीड गव्हर्नर असलेल्या गाडीत त्याच्या सीलबंद तारेतून पल्स चोरू नका. सील तुटले की पासिंगला अडकाल.

दोन मार्ग आहेत. गिअरबॉक्स आणि केबल यांच्यामध्ये बसणारा पल्स सेन्सर, किंवा प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर) मॅग्नेट आणि चेसिसला हॉल सेन्सर, म्हणजे मॅग्नेट समोरून गेला की पल्स देणारा सेन्सर. पहिला सुबक, पण तुमच्या गिअरबॉक्सच्या आट्यांचा मिळेलच असे नाही. दुसरा कुठेही बसतो. मात्र गिअरबॉक्सच्या टोकाकडेच बसवा. मागचे टोक स्प्रिंगच्या पाट्यांबरोबर वर-खाली होते; रिकाम्या गाडीत ३ मिमी असलेले अंतर दीड टन मालावर बदलते आणि पल्स गळतात. मॅग्नेट दोन, समोरासमोर, म्हणजे शाफ्टचा तोल जात नाही. एपॉक्सी लावून वरून स्टीलची पट्टी आवळा. नुसत्या एपॉक्सीवरचा मॅग्नेट एके दिवशी हायवेवर राहतो. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर दुसरी जागा शोधा, कारण साधा निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या पुढे ताकद गमावतो.

डिस्प्लेत भरायचा किलोमीटरमागे पल्सचा आकडा काढायची रीत: २१५/७५ आर१५ टायरचा व्यास सुमारे ७०३ मिमी, घेर २.२१ मीटर; भार पडल्यावर टायर दबतो म्हणून २.१५ धरा. किलोमीटरला चाकाचे ४६५ फेरे. डिफरन्शियल ४.३ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.३ फेरे होत असतील, तर शाफ्टचे साधारण २०००, दोन मॅग्नेटचे ४००० पल्स. हा आकडा भरून सुरुवात करा. मग राष्ट्रीय महामार्ग ५३ वर दगड नीट दिसतात असा १० किलोमीटरचा सरळ पट्टा धरा. डिस्प्लेने १०.४ दाखवले तर नवा आकडा ४००० गुणिले १०.४ भागिले १०, म्हणजे ४१६०. रिमोल्ड टायर टाकले की पुन्हा तपासा.

वेग बरोबर दुप्पट किंवा निम्मा येत असेल तर सेन्सरला हात लावू नका, मॅग्नेटची संख्या सेटिंगमध्ये चुकली आहे. उभ्या गाडीत इंजिन रेस केल्यावर वेग दिसत असेल तर तार अल्टरनेटरच्या तारांबरोबर एकाच जुडग्यात आहे. जाळीची तार वापरा आणि जाळी फक्त डिस्प्लेच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर जाळीच करंट वाहू लागते. वेग मुळीच येत नसेल तर हॉल सेन्सरच्या सिग्नल तारेला ५ व्होल्टकडून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर दिला आहे का ते पाहा. बहुतेक सेन्सर लाइन खाली ओढतात, वर उचलत नाहीत.

अ‍ॅव्हरेज: इथेच खरी फसगत

जिच्यासाठी एवढा खटाटोप ती गोष्ट म्हणजे अ‍ॅव्हरेज, आणि तीच सगळ्यात जास्त चुकते.

पहिली चूक पाण्याच्या फ्लो सेन्सरची. केळीपट्ट्यात ठिबकचे सामान कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, तसा हा प्लास्टिकचा पंखावाला सेन्सरही सहज मिळतो, म्हणून तो डिझेलच्या पाइपात घातला जातो. ६० च्या वेगाने १३ चे अ‍ॅव्हरेज देणारी पिकअप तासाला ४.६ लिटर डिझेल पिते, म्हणजे मिनिटाला ७७ मिलिलिटर. त्या सेन्सरची सुरुवातच मिनिटाला १ लिटरपासून होते. पंखा हलतच नाही. हललाच तरी त्याचे प्लास्टिक आणि रबरी सील डिझेलसाठी नाहीत. फुगतात आणि पाइप हवा ओढू लागतो. मग सकाळी गाडी सुरू होत नाही आणि पंपवाल्याकडे खेप होते.

डिझेलसाठी ओव्हल गिअरचा, कमी प्रवाहाचा सेन्सर लागतो आणि तो एक नाही, दोन लागतात. पंपाकडे जाणाऱ्या डिझेलमधले बरेचसे रिटर्नने टाकीत परत जाते. फक्त जाणाऱ्या पाइपावर सेन्सर लावला तर इंजिन प्याले नाही तेही मोजले जाते आणि अ‍ॅव्हरेज ५-६ दिसते. एक सेन्सर फिल्टरनंतर, दुसरा इंजेक्टरचे आणि पंपाचे रिटर्न एकत्र येतात त्यापुढे. डिस्प्ले वजाबाकी करणारा हवा. पहिला सेन्सर फिल्टरच्या आधी लावला तर टाकीतला गाळ गिअरमध्ये अडकतो आणि गिअर अडकला की इंजिन उपाशी. जोडल्यावर हातपंपाने हवा काढा आणि प्रत्येक क्लिप कोरड्या कापडाने पुसून पाच मिनिटांनी पुन्हा बोट फिरवा. खर्च पाहता एक-दोन गाड्यांच्या मालकाने या वाटेला जाऊ नये असे स्पष्ट मत आहे. फ्लोटवरून येणारा अंदाज आणि महिन्यातून एकदा फुल टाकीचा हिशोब, एवढ्यावर धंदा उत्तम चालतो.

फ्लोटवरून घ्यायचे तर आधी फ्लोट ओळखा. फ्लोटची तार गेजपासून सोडवून मगच ओहम मोजा. जोडलेली असताना मोजले तर गेजची कॉइलही त्यात येते. टाकी रिकामी असताना किती आणि भरल्यावर किती, दोन्ही लिहून ठेवा. बाजारातले डिस्प्ले साधारण २४० ते ३३ किंवा १० ते १८० ओहम अशा ठरलेल्या जोड्यांवर येतात. तुमचा फ्लोट उलट्या दिशेचा निघाला तर भरल्या टाकीला रिकामी दाखवेल. त्यातून दुसरे एक शहाणपण मिळते: फ्लोटचा अर्थ गंजला की रेझिस्टन्स वाढतो. भरल्यावर ओहम कमी होणाऱ्या फ्लोटमध्ये त्यामुळे डिझेल कमी दिसते, वाढणाऱ्यामध्ये जास्त दिसते. जास्त दाखवणारा रोग वाईट, तो रस्त्यात उभे करतो.

जुने गेज आणि नवा डिस्प्ले एकाच फ्लोटवर लावले की दोघेही बिघडतात, ही नेहमीची तक्रार. डिस्प्ले स्वतःचा करंट फ्लोटमध्ये सोडतो आणि गेजचा काटा सरकतो. शिवाय बऱ्याच जुन्या मीटरांमागे पत्री स्टॅबिलायझर असतो. तो तापून-गार होऊन सप्लाय तोडत-जोडत राहतो. गेजचा काटा संथ असल्याने डोळ्यांना कळत नाही, पण डिस्प्लेला टाकी सेकंदासेकंदाला भरतेय-रिकामी होतेय असे दिसते. फ्लोटच्या तारेवर टेस्ट लॅम्प लुकलुकला तर हेच कारण. डिस्प्लेला नुसते व्होल्टेज वाचण्याचा मोड असेल तर तो निवडा आणि मध्ये ४७ किलोओहम व २२० मायक्रोफॅराडचा फिल्टर टाका. दहा सेकंदांचा संथपणा येतो, तेवढा हवाच. तसा मोड नसेल तर फ्लोट डिस्प्लेला देऊन टाका आणि जुने गेज बंद राहू द्या, किंवा टाकीवर दुसरा फ्लोट बसवा.

टाकी चौकोनी डबा नसते. म्हणून सपाट जागी, टाकी जवळजवळ रिकामी करून, मोजलेले ५-५ लिटर घालत प्रत्येक टप्प्यावर दोन मिनिटे थांबून आकडा डिस्प्लेत नोंदवा. ६० लिटरच्या टाकीला १२ टप्पे. दोनच बिंदू भरले तर मधल्या भागात पाच-सात लिटरची फसवणूक सहज होते. एवढे करूनही घाटात, चढावर गाडीचे तोंड वर असताना दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. डिझेल एका बाजूला जाते, फ्लोट तिकडे असेल तसा वर किंवा खाली जातो.

खरे अ‍ॅव्हरेज तपासायला फुल टाकीच. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलवर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होते त्या पहिल्या कटला थांबून भरा. निदान ३०० किलोमीटर चालवा, पुन्हा तिथेच पहिल्या कटपर्यंत भरा. ३०५ किलोमीटरला २३.५ लिटर लागले तर १२.९८. डिस्प्ले याच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत असेल तर हात लावू नका.

तपासणीचे सोळा पिनांचे सॉकेट असलेल्या कॉमन रेल पिकअपला डोंगल, म्हणजे त्या सॉकेटमधून ईसीयूची माहिती वाचणारा तुकडा, लावून घेतलेले अ‍ॅव्हरेज ४-५ दाखवत असेल तर तो वायरिंगचा दोष नाही. स्वस्त डिस्प्ले हवेच्या मापावरून इंधन काढतात आणि १४.७ भाग हवेला १ भाग इंधन हे पेट्रोलचे प्रमाण धरतात. डिझेल इंजिन हलक्या भारावर याच्या कितीतरी पट हवा ओढते. त्या हवेचे डिझेल केले जाते आणि आकडा गडगडतो. डिस्प्लेमध्ये डिझेल निवडता येत असेल तर निवडा, नसेल तर ईसीयूकडून इंधनाचा थेट आकडा वाचणारा डिस्प्ले घ्या.

ऊन, धूळ, खत

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ओलांडतो आणि बंद काचांच्या केबिनमध्ये डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. साधा एलसीडी ५० अंशांपर्यंतच्या कामाचा असतो. दुपारी पडदा काळा पडून संध्याकाळी आपोआप ठीक होत असेल तर तो बिघडलेला नाही, तापला आहे. ७० अंशांपर्यंतचा घ्या आणि डॅशबोर्डवर न चिकटवता खाली, टेपच्या शेजारी सावलीत स्क्रूने बसवा. दुहेरी टेप खानदेशच्या उन्हात टिकत नाही.

खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीत हौद्याखालचे जोड वर्षभरात हिरवे होतात. युरिया आणि पोटॅशचा ओलावा तांबे खातो. तिथले सगळे जोड सोल्डर करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. सरकी-कापसाची धूळ तुलनेने निरुपद्रवी, फक्त मॅग्नेटवर लोखंडी कीस साठला आहे का ते सर्व्हिसिंगला पुसून बघा.

उभ्या गाडीची बॅटरी

सगळे जमल्यावर शेवटची मोजणी. चावी काढा, दारे बंद, मायनसचा क्लॅम्प सोडून मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामध्ये लावा. या अवस्थेत चुकूनही चावी फिरवून सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज जाईल. पंधरा मिनिटांनी वाचन ५० मिलिअँपिअरच्या आत आले पाहिजे. पडदा बंद न होणारा डिस्प्ले २०० घेतो, म्हणजे दिवसाला ४.८ अँपिअर-तास. ८० अँपिअर-तासाची बॅटरी दहा दिवसांत अर्ध्याहून खाली येते, आणि हंगाम संपल्यावर गाड्या तेवढ्या उभ्या राहतातच. आकडा जास्त आला तर पिवळ्या तारेचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. फरक पडला तर डिस्प्लेची स्लीप सेटिंग चालू करा. कमाल पंधरा मिनिटे ठेवा. सोळा पिनांच्या सॉकेटमधला डोंगलही याच यादीत, कारण तिथली सोळावी पिन चावी काढल्यावरही जिवंत असते. फ्यूज काढूनही आकडा तितकाच राहिला तर चोर दुसरीकडे आहे. टेपच्या आणि अलार्मच्या तारांपासून सुरुवात करा.